पाद्रीचं गाव, आमची पाणंद

गुरुजी, तुमचं ते बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. चोरलेलं नाही, बाजीनं दिलं. तुमची ही मोठी लेक आता उदगीरच्या शाळेत तुमच्यासारखाच भूगोल शिकवते आणि तुमच्यासारखाच नवा खडू आधी मोडून मगच वापरते. दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेले होते, कशाला ते पुढं येईलच. निघताना तिनं हे पुस्तक आणि आमच्या वर्गाच्या जुन्या वह्या पिशवीत घालून दिल्या आणि म्हणाली, "तू लिहितीस ना गं? मग अब्बांवर चार पानं लिहून दे. घरातल्या पोरांना वाचायला देते, त्यांनी बघितलंच कुठं त्यांना." मी हो म्हणून बसले. नांदेडला येऊन तीनदा सुरुवात केली. एकदा तुम्हाला 'ते' करून लिहिलं, एकदा तुमच्या सायकलला बोलायला लावलं, एकदा नुसत्या नकाशातल्या खुणांनी पान भरून बघितलं. तिन्ही वेळा वाटलं, मीच मला हुशार दाखवून राहिले. म्हणून आता सरळ तुम्हालाच सांगते. तुम्ही गेल्यावर माझी बारावी, कॉलेज, दोन नोकऱ्या आणि एक चष्मा झाला, तरी तुमच्याशी बोलताना अजून आपोआप उभं राहावंसं वाटतं. बसून लिहिते, चालेल ना.

पुस्तक म्हणजे इंग्लंडातल्या एका खेड्याचा इतिहास आणि भूगोल. लिहिणारा तिथल्याच चर्चचा पाद्री. सारी नोकरी त्यानं त्या एका गावात काढली आणि म्हातारपणी बसून गावाचं पुस्तक लिहिलं. तुम्ही हैदराबादला शिकायला होता तेव्हा रविवारच्या फुटपाथवरच्या बाजारात ते उचललं, का तर आत आपल्याकडच्यासारखं एक बैलाचं चित्र होतं. आम्ही सातवीत, शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास ह्या पुस्तकाचा. मुख्याध्यापक दारात येऊन विचारायचे, "हे अभ्यासक्रमात कशात बसतं हो?" तुम्ही म्हणायचात, "परिसर अभ्यासात." "कुणाच्या परिसराच्या?" "कुणाच्या तरी असंलच की, साहेब." मग ते जायचे आणि तुम्ही पुस्तक असं तळहातावर तोलून आम्हाला दाखवायचात. "बघा रे. आपल्या गावाच्या निम्मं गाव. त्याच्यावर ह्येवढं पुस्तक! अन् आपल्या गावावर सरकारी गॅझेटात किती? दीड ओळ. त्यात बी नाव चुकवलंय."

त्या गावाचं नाव आम्हाला कुणालाच म्हणता यायचं नाही. म्हणून आम्ही त्याला पाद्रीचं गाव म्हणायचो. तुम्ही सांगायचात, तिकडं गावच्या शिवाराला पॅरिश म्हणतात, एका चर्चच्या घंटेखाली येईल तेवढं शिवार. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, तिथं मशीद न्हाई?" "न्हाई." "महादेवाचं देऊळ?" "ते बी न्हाई." "मग आपुन गेलो तर कुठं बसायचं?" तुम्ही हसून म्हणालात, "पाद्रीच्या ओसरीवर बसू. चहा तर देईल का न्हाई त्यो?" मला ती ओसरी अजून दिसते. पुस्तकात ओसरीचा पत्ताच नाही, हे मला आत्ता वाचल्यावर कळलं. तुम्ही वाचता वाचता मराठी करायचात आणि पाद्रीचं गाव हळूहळू आमच्याकडं सरकत यायचं. त्यांचं कॉमन म्हणजे आपलं गायरान. चर्चच्या नावानं असलेलं रान म्हणजे आपली देवस्थान इनाम जमीन. पिकातला दहावा वाटा चर्चला जायचा, ते ऐकून गुरवाचा मुलगा ताठ होऊन बसला. आणि बड्या जमीनदारांनी कायदा करून गायरानाला कुंपण घातलं, लोकांची गुरं बाहेर राहिली, हे वाचलंत तेव्हा वर्ग एवढा खवळला की तुम्हाला सांगावं लागलं, "अरे बा, बसा, बसा! लई जुनी गोष्ट हाय. आता तिथं आपुन काय करणार?"

पाद्रीनं लिहिलं होतं की गावाच्या वरच्या अंगाला चुनखडीचा डोंगर, खालच्या अंगाला चिकणमाती, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं झरे फुटतात, म्हणून घरं नेमकी त्याच रेघेवर बसली. हे वाचून तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "आता सांगा, आपलं गाव हितंच का बसलं?" मग एकजण उठून म्हणाला, "गुरुजी, शाळा हितं हाय म्हणून." तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात. आणि तसंच आम्हाला उठवून ओढ्यावर नेलंत, काळं रान संपून मुरूम लागतो तिथं. पाऊस थांबून महिना उलटलेला, तरी त्या रेघेवर माती ओली. हात लावून बघा म्हणालात. मी आज चाळीस जणांसमोर काहीबाही वाचून दाखवते, लोक टाळ्या वाजवतात, पण कुणाला असं 'हात लावून बघा' म्हणता आलेलं नाही अजून.

तिथून तुम्हाला खूळ लागलं. पाद्रीसारखं पुस्तक आपल्या गावाचं करायचं. प्रत्येकाला एक धडा. एकाला माती, एकाला विहिरी, एकीला झाडं, एकाला जुनी थडगी आणि समाध्या. मला वाटा. पाद्रीच्या चर्चमध्ये गावचे कागद ठेवायची एक लाकडी पेटी होती, तिला तीन कुलपं, तीन माणसांकडं तीन किल्ल्या, म्हणजे कुणा एकट्याला कागद बदलता येऊ नये. तुम्हाला हे एवढं आवडलं की शाळेतल्या लोखंडी पेटीला तीन कड्या मारून घेतल्या. एक किल्ली तुमच्याकडं, एक मुख्याध्यापकांकडं, एक सरपंचांकडं. पुढच्या शनिवारी सरपंच किल्ली करगोट्याला बांधून तिरुपतीला गेले. आमच्या वह्या आठ दिवस आत. शेवटी शिपाईमामांनी दगडानं कुलूप फोडलं आणि म्हणाले, "पाद्रीच्या गावात सरपंच तिरुपतीला जात नसतील, गुरुजी." तुम्ही मान डोलावलीत. "हाव. ते लिहायचं राहिलंय त्याचं."

आणि ती शिवेची फेरी. पाद्रीच्या गावात वर्षातून एकदा सगळे मिळून शिवेवरून चालायचे आणि प्रत्येक दगडाशी एका पोराला उलटं धरून त्याचं डोकं हळूच दगडाला टेकवायचे. मार बसला की जागा विसरत नाही, म्हातारा होईपर्यंत साक्ष देता येते. वर्ग ओरडला, आपल्यात बी करू! तुम्ही केलंत. पहिल्याच दगडाला, हळूच. संध्याकाळी त्या पोराची आजी तुमच्या दारात. "मास्तर, माझ्या नातवाचं डोस्कं काय नारळ हाय का?" दुसऱ्या दिवशी तुम्ही खिशात गुळाचे खडे घेऊन आलात. दर दगडाला एक खडा. "मार इसरत न्हाई माणूस, तसा गूळ बी इसरत न्हाई," म्हणालात. नऊ दगड होते. मला नऊच्या नऊ पाठ आहेत. सातव्याच्या गुळाला तुमच्या खिशातल्या तपकिरीचा वास होता.

आता तुम्ही रागावलात त्याचं. मी वाटांचा धडा लिहून आणला होता, सहा पानं, खाली रेघा मारून. देवळाची वाट, बाजाराची, शाळेची, स्टँडची, आमच्या रानाची. तुम्ही वही वाचलीत, परत पहिल्यापासून वाचलीत. मग विचारलंत, "तांड्याची वाट?" तांडा म्हणजे शिवेपलीकडची लमाण्यांची वस्ती, आमच्या वर्गातली एक मुलगी तिथून यायची, माझ्याच बाकावर बसायची. मी म्हणाले, "ती वाट मला ठावं न्हाई, गुरुजी. मी जात न्हाई तिकडं." तुम्ही आवाज चढवला नाहीत. नुसतं म्हणालात, "ज्या वाटेनं तू जात न्हाईस, ती वाट न्हाईच का गं? ही बाजूला बसलेली पोरगी काय उडून येती?" वर्ग हसला. माझ्या बाजूची नाही हसली. ती खाली बघून बाकावर नखानं रेघ ओढून राहिली होती. तुम्ही वही परत दिलीत. "येळवशीला सगळं गाव रानातच असतंय. तवा कवठाच्या पाणंदीनं तांड्यापर्यंत जा. बघ, मोज, लिहून आण." वेळ अमावास्येची ती येळवस झाल्यावर मी एक पान लिहून आणलं. तुम्ही वाचलंत, खाली तारीख घालून सही केलीत आणि म्हणालात, "आता झाला धडा." माझ्यावर तुम्ही तेवढेच एकदा रागावलात आणि तेवढंच एकदा असं म्हणालात.

आपलं पुस्तक काही झालं नाही. तुमची बदली बिलोलीकडं झाली, मग आजार, मग मी अकरावीत असताना ती बातमी. वह्या तुम्ही बरोबर नेल्या होत्या. मला वाटलं, गेल्या रद्दीत.

ह्या दिवाळीला गावी गेले तर ग्रामसभा होती. गावातल्या सगळ्या पाणंदी आणि शिवरस्ते नोंदवून घ्यायचा वरून आदेश आलाय, नवीन तलाठी मॅडम नकाशा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या. कपड्यावर चिकटवलेला जुना गावनकाशा. त्याची घडी नेमकी कवठाच्या पाणंदीवर पडलेली आणि तिथंच झिजून भोक पडलेलं. आता ती पाणंद जागेवर तरी कुठं आहे? एका अंगाला आमचं रान, दुसऱ्या अंगाला शेजारच्या दोघा भावांचं. मधे वाट म्हणावं असं काही उरलेलं नाही, कवठ तेवढं उभं. तांड्यातले म्हणाले, वाट होती, गाडी जायची. शेजारचे भाऊ म्हणाले, "कधी? आमी तर बघितली न्हाई." मॅडमनी माझ्या वडलांना विचारलं. आमचे अप्पा गावात वजनदार, किराणा दुकान, गळ्यात इष्टलिंग, खोटं बोलणारा माणूस नाही म्हणून सगळे त्यांच्याकडं बघून राहिले. अप्पा म्हणाले, "पाऊलवाट असंल. गाडीवाट म्हणायला कागद पायजे." आणि खाली बसले.

तेव्हा माझ्या बाकावरची ती उठली. गुरुजी, ती तुमच्यानंतर आठवीतच शाळेतून निघाली. पावसाळ्यात ओढा वाहायचा, पाणंद बंद होत चाललेली, दूरच्या हायस्कूलला जाणार कशी. आता तिची मुलगी सातवीला आहे, त्याच शाळेत. ती अप्पांना काही बोलली नाही. व्हरांड्याच्या खांबाला टेकून मी उभी होते, मलाच म्हणाली, "तुझ्या अप्पाच्या सोयाबीनातनं येताना माझी पोरगी चपला हातात घेती. पीक मोडू नये म्हणून. अन् मागच्या पावसात माझ्या जावेला कळा आल्या तवा बाजेवर टाकून चिखलातनं काढली. तू लिहितीस म्हणं कुठंतरी. ह्ये लिवलंस का कधी?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय लिहिते ते तिथं सांगायची सोय नव्हती. मॅडमनी आठ दिवस दिले. कागद आणा, नाहीतर पाऊलवाट म्हणून नोंद. पाऊलवाट म्हणजे बाज जाईल, गाडी नाही.

म्हणून मी उदगीरला गेले, गुरुजी. एसटीत बसून सारखं वाटत होतं की नसूच दे ती वही. बाजीनं माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली आणि त्यात वह्या अशा, तुम्ही सुतळीनं बांधलेल्या, वर धड्यांची नावं. वाटा. उघडलं. माझं ते गोल गोल अक्षर. "ही वाट कवठापासून निघते व तांड्याला पोचते. दोन्हीकडे बोरी आहेत. हिच्यावरून बैलगाडी जाते. हिची रुंदी माझी अकरा पावले आहे. माझे अप्पा वाटेवरचे दगड उचलून बाजूला टाकतात, त्यामुळे बैलाच्या पायाला लागत नाही." खाली तुमची सही. गावात तुमच्या सहीची किंमत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं का? निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचायला सगळं गाव तुमच्याकडं यायचं, हिंदू-मुसलमान, भावकीतले भांडलेले, दोन्ही बाजूचे. कुणाच्या फायद्याचा आहे हे न बघता तुम्ही वाचून दाखवायचात. तुमची सही असली की कागद झाला.

बाजीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी तुझ्या अप्पांना दाखव. सभेत नक्को. सभेत दाखवलंस तर त्यांना फक्त लाज राहील, दुसरं काही करायला जागा राहणार न्हाई." तुमचीच मुलगी.

घरी पोचले तर आई, आमची अव्वा, चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती आणि अप्पा ताटावर. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते त्यांना. मी वही पुढं ठेवली. अप्पांनी हात धुतले, पुसले, मग उघडली. "कुणाची?" "माझी. सातवीतली." "गुरुजींची सही हाय की." "हाव." त्यांनी लगेच वाचली नाही. म्हणाले, "ह्या माणसानं माझ्या आज्याचा कागद वाचून दिला तवा चहा सुदिक घेतला न्हाई. म्हणाला, आधी दुसरी बाजू बी वाचून येतो." मी पाद्रीच्या गावातली एक गोष्ट सांगितली. तिथं एका शेतकऱ्यानं चर्चला जायची पाऊलवाट नांगरून टाकली होती. पाद्री भांडला नाही, कोर्टात गेला नाही. पुढच्या रविवारी सगळं गाव एका रांगेत उभ्या गव्हातून चालत गेलं, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, गाणी म्हणत. चार रविवारांत वाट जशीच्या तशी. अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या शेतकऱ्याचं काय झालं?" मी म्हणाले, "ते लिहिलेलं नाही." "ते कधीच लिहीत न्हाईत," अप्पा म्हणाले.

अव्वा मधेच म्हणाली, "आता भाकर निवून राहिली."

अप्पांनी चष्मा घातला आणि ते पान वाचलं, ओठ हलवत. शेवटच्या ओळीवर थांबले. मी दगडांची ती ओळ त्यांना वाचायला लागू नये म्हणून उदगीरपासून घोकत आले होते, की अंगठा ठेवीन त्यावर. ठेवला नाही. अप्पांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उचलायचो. खरं हाय. बैल लंगडायचा ना." आणि थोड्या वेळानं, मला नाही, चुलीकडं बघून, "मग कधी नांगरली तेच समजलं न्हाई. दरसाली नांगराचं एक तास, एक रेघ आत. मी एक, ते दोघं भाऊ एक. कुणी ठरवलं न्हाई काही." अव्वा म्हणाली, "मला ठावं होतं की. तुमी इचारलं कुठं?" अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वही घेऊन ये मग परवा. अन् त्या भावांना मी सांगतो. शिव्या मला देऊ देत."

दिल्या. "अप्पा, घरातच फितूर निघाला की हो तुमच्या!" अप्पा म्हणाले, "पोरगी शिकवली की असं होतं. तुमच्या बी शिकवा."

आता मोजणीचा दिवस सांगते, तो तुम्हाला आवडेल. कवठाखाली निम्मं गाव आणि अख्खा तांडा. हरभरा नुकता उगवलेला. तलाठी मॅडमनी टेप काढली, तेवढ्यात तिरुपतीवाले ते जुने सरपंच, आता काठी टेकत चालतात, म्हणाले, "मॅडम, टेप राहू द्या. वहीत पावलं लिवलीत. पावलानंच मोजा." "कुणाच्या पावलानं, काका?" "बारा वर्षाच्या पोरीच्या. जिनं लिवलं ती तवा बारा वर्षाची होती." सगळ्यांना हे एकदम पटलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, आधी मोजा, मग मी टेप लावून आकडा लिहिते. बारा वर्षाची पोरगी शोधायची तर ती समोरच उभी, शाळेच्या गणवेशात, माझ्या बाकावरचीची लेक. तिला कवठाच्या बुंध्याला टाच लावून उभं केलं. 

तिनं पहिलं पाऊल टाकलं. तिची आई पुटपुटली, "लांब टाक गं." दुसरं पाऊल जरा लांब पडलं. तिसरं अजून लांब. चौथ्याला अप्पा ओरडले, "अगं ए बाई! हळू की जरा! उसाच्या सऱ्या पाडून राहिलीस का काय?" सगळं रान हसलं. पोरगी पाय वर धरून एका पायावर उभी, टाकू का नको. तिची आई म्हणाली, "अप्पा, तुमची लेक बी अशाच ढांगा टाकत मोजायची. मी होते की तिच्या बाजूला." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान डोलावली. पाच, सहा, सात. शेजारच्या भावांतला धाकटा हात कमरेवर ठेवून बघून राहिला होता, त्याच्या हरभऱ्याच्या तीन ओळी आत आल्या तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. दहा. अकरा. अप्पांनी स्वतः तिथं खुंटी ठोकली, आणि ठोकून झाल्यावर हातानं हलवून बघितली, दुकानात वजन ठेवताना बघतात तशी. मॅडमनी टेप लावली, वहीत लिहिलं. गाडीवाट. आता नंबर पडलाय तिला. मुरूम टाकायचं चाललंय. बाकावरचीनं मला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "तिकडं पिऊन बघ आपल्या ओढ्याचं पाणी, ग्वाड लागतं का." मी नांदेडला गोदावरीकाठी राहते म्हणून. तिला मी तुमचा धडा म्हणून दाखवला, की आपला ओढा लेंडीला, लेंडी मांजरेला आणि मांजरा पार बिलोलीच्या पुढं जाऊन गोदावरीला मिळते, म्हणजे आपल्या गावचं पाणी नांदेडला येतच नाही. ती म्हणाली, "मग तूच येत जा."

मी बरी आहे, गुरुजी. खरं म्हणजे चांगलीच आहे. सकाळी टेबलाशी बसते तेव्हा पाद्रीचं एखादं पान वाचते. कुठल्या साली कोकिळा कधी ओरडली ते त्यानं लिहून ठेवलंय. वाटतं, आपलं राहिलेलं पुस्तक करावं. मातीवाला आता मुदखेडला रेल्वेत आहे, विहिरीवाल्यानं लातूरला मेडिकल टाकलंय, त्यांना फोन केले. दोघंही म्हणाले, ये, बसू.

बाजीला चार पानं मी देईन, पण ही नाही. ही देता येत नाहीत. ती शिक्षिका आहे, आणि तुमची मुलगी आहे, आणि मॅडमच्या रजिस्टरात आता शाईनं आकडा आहे. त्या येळवशीला मी पाणंदीत गेलेच नव्हते. सकाळपासून आमच्या कोपीत, कडब्याच्या सावलीला बसून होते. आंबील प्याले, भज्जी आणि उंडे खाल्ले, दुपारी झोप यायला लागली. तांड्याकडं जायची मला भीती वाटत होती आणि तुमची त्याहून जास्त, म्हणून येळवशीला पूजतात त्या पाच पांडवांच्या दगडांपुढं मांडी घालून बसल्या बसल्या ते पान लिहिलं. बोरी, बैलगाडी, अकरा पावलं, अप्पांचे दगड, सगळंच. अकरा का, तर बारा म्हटलं तर जास्त वाटलं असतं. अप्पा 'उचलायचो' म्हणाले, पण खरंच दगड उचलायचे का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.